वाटणी कशावरून करायची?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकातले जे काही थोडेफार कळते ते भाचीमुळे. तिच्या कामातला एक प्रश्न मात्र मला आपलाच वाटला. नोंदी एका यंत्रात मावेनाशा झाल्या की त्या अनेक यंत्रांत वाटाव्या लागतात. पण कशावरून?

आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून वाटल्या तर आम्हा शेख-सय्यदांची यंत्रे दमून जातील आणि 'ठ'चे यंत्र माश्या मारत बसेल. म्हणून पुष्कळदा प्रत्येक माणसाला क्रमांक देऊन त्यावरून वाटणी करतात. तीही दिसते तितकी समान नसते.

न्यूयॉर्कच्या फोरस्क्वेअर या सेवेचे उदाहरण घ्या. आपण कुठे आहोत, हे लोक फोनवरून तिथे नोंदवत. या नोंदी दोन यंत्रांत होत्या, प्रत्येकाची स्मृती ६६ जीबी. माणसे सारखी वाटली होती, पण कोणी दिवसातून दहादा नोंद करी, कोणी महिन्यातून एकदा. एका यंत्रावरचा भार ६७ जीबीवर गेला, दुसऱ्यावर ५० जीबीच होता. ४ ऑक्टोबर २०१० रोजी सेवा सुमारे अकरा तास बंद पडली. मग तिसरे यंत्र जोडून पाच टक्के नोंदी तिकडे हलवल्या, तरी पहिल्याचा भार हलका होईना! कारण नोंदी बारीक, साधारण ३०० बाइटच्या, आणि स्मृतीचे पान ४ केबीचे. हलवलेल्या नोंदी पानापानांवर विखुरलेल्या होत्या. जाडजूड वहीतल्या प्रत्येक पानावरची एखादी ओळ खोडली म्हणून वही पातळ होते का?

यंत्र वाढवतानाही हिशेब लागतो. क्रमांकाला चाराने भागून उरलेल्या बाकीवरून वाटणी केली असेल आणि पाचवे यंत्र आले, तर पाचांतल्या चार नोंदींना घर बदलावे लागते. यावर १९९७ साली डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी वर्तुळाची युक्ती मांडली. नोंदी आणि यंत्रे एकाच वर्तुळावर बसवायची. मग नव्या यंत्राकडे साधारण पाचवा हिस्साच जातो, बाकीच्या जागच्या जागी राहतात.

माझ्या मते खरा निकष एकच: लोक रोज काय विचारणार? डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेत माणूस आपल्या कट्ट्यावरचे ताजे निरोप मागतो. म्हणून त्यांनी कट्टा आणि सुमारे दहा दिवसांचा काळ मिळून एक कप्पा केला. नुसता कट्टा धरला असता तर जुन्या कट्ट्यांचे कप्पे फुगतच गेले असते. तरीही गजबजलेल्या कट्ट्यावर हजारो माणसे एकदम तोच निरोप मागत, आणि तेवढ्या कप्प्याचे यंत्र धापा टाकी. तेव्हा त्यांनी कप्प्यांपुढे एक मधला कारकून बसवला, म्हणजे अर्थात एक प्रणाली. एकाच निरोपासाठी शंभर जण आले, तर हा आत एकदाच जातो आणि उत्तर शंभरांना वाटतो.