समारंभ-चित्रणाचा व्यवसाय आणि कॅमेऱ्याची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात शेती, शिक्षण आणि नोकरी यांविषयी पुष्कळ विचारमंथन झाले. आम्ही मात्र आपणांपुढे एक लहानसाच विषय मांडणार आहोत. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या भागांतील आपल्या घरांतून काही होतकरू तरुण लग्न, मुंज, वास्तुशांती, बारसे अशा समारंभांचे चित्रण करण्याच्या व्यवसायाकडे वळू लागले आहेत, आणि त्यांचे वडील आम्हांस एकच प्रश्न विचारतात : ‘‘पोरगा कॅमेरा मागतो, कोणता घेऊन द्यावा?’’ प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पाठीशी कधी सोयाबीनचे पैसे असतात, कधी बँकेचे कर्ज, तर कधी मातोश्रींच्या पाटल्या. म्हणून त्याचे उत्तर तोलूनमापून दिले पाहिजे.

ही विद्या मराठी माणसाला नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागतसमारंभाचे चित्रणही सावेदादांनीच केले. म्हणजे समारंभ-चित्रण हे आपल्याकडील चित्रपटकलेच्या पहिल्या पावलांपैकी एक होय. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी आपल्या विम्याच्या जोरावर कर्ज काढून विलायत गाठली. तेथे त्यांनी प्रथम या धंद्यातील जाणत्यांचा सल्ला घेतला, चित्रपट कसे तयार होतात हे डोळ्यांनी पाहिले आणि मग विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. परत आल्यावर एका रोपाच्या वाढीचे छोटे चित्रण करून त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ मध्ये, पडद्यावर आला. आधी चौकशी, मग खरेदी, मग लहान कामाने खात्री आणि शेवटी मोठे काम, हा फाळक्यांचा क्रम आजच्या तरुणानेही गिरवावा, असे आम्हांस वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समारंभाच्या चित्रणात एक गोष्ट अशी आहे, की जी चित्रपटात नसते. तेथे प्रसंग बिघडला तर पुन्हा घेता येतो. येथे अंतरपाट एकदाच दूर होतो. म्हणून कॅमेऱ्याचा पहिला गुण चित्राचा डौल नव्हे, तर भरवसा होय.

आमच्याच घरातील एक प्रसंग सांगतो. लग्नाच्या चित्रणकाराकडे कॅमेरा मोठा किमती होता. चित्र इतके स्वच्छ, की शालूच्या जरीचा एकेक धागा दिसावा! परंतु आवाज टिपला होता तो कॅमेऱ्याच्या अंगच्या बारीकशा मायक्रोफोनने. बँड आणि जनरेटर यांच्या घोषाखाली मंगलाष्टके बुडून गेली. आमच्या वृद्ध आत्याबाईंनी पाठवणीच्या वेळी स्वतः जुळविलेल्या ओव्या म्हटल्या होत्या. चित्रात त्यांचे ओठ हलताना दिसतात. शब्द मात्र एकही ऐकू येत नाही. पुढच्याच वर्षी आत्याबाई निवर्तल्या. त्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नव्हत्या. तेव्हापासून कॅमेऱ्याची गोष्ट निघाली की आम्ही आधी आवाजाची चौकशी करतो.

तेव्हा कॅमेऱ्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची आणि कानाला हेडफोन लावून आवाज तपासण्याची, अशा दोन्ही सोयी असल्याच पाहिजेत. भटजींच्या उपरण्याला लावावयाचा बिनतारी मायक्रोफोन आणि ध्वनिक्षेपकवाल्याच्या यंत्रातून थेट आवाज घेणारा छोटा रेकॉर्डर, एवढी सामग्री कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी. ‘पुढे पाहू’ असे म्हणू नये.

दुसरी कसोटी प्रकाशाची. आपल्याकडील कित्येक लग्ने गोरज मुहूर्तावर लागतात आणि वरात तर रात्रीच निघते. भिंगावर जो ‘एफ’चा आकडा असतो, तो जितका लहान तितका प्रकाश अधिक आत येतो; एफ ४ पेक्षा एफ २.८ चे भिंग दुप्पट प्रकाश घेते. म्हणून कॅमेऱ्यावर थोडे कमी आणि भिंगावर थोडे अधिक खर्चणे शहाणपणाचे. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची आहे. चित्रण सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींचे आणि शटर १/५० वर ठेवले, तर मंडपातील दिव्यांची फडफड सहसा चित्रात उतरत नाही.

तिसरी कसोटी टिकावाची. पूर्वीच्या बऱ्याच छायाचित्र-कॅमेऱ्यांचे चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांस आपोआप थांबत असे. युरोपातील जकातीच्या नियमांमुळे कारखानदार ही मर्यादा घालीत. असे जुने कॅमेरे आजही स्वस्तात विकावयास येतात. ऐन सप्तपदीत कॅमेरा थांबला तर स्वस्ताई काय कामाची? तसेच वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन आपणांस ठाऊक आहेच; त्यात काही कॅमेरे तापून बंद पडतात. खरेदीपूर्वी दुपारच्या वेळी सलग दीड-दोन तास चित्रण करून पाहावे. एकाच वेळी दोन कार्डांवर चित्रण उतरविणारा कॅमेरा असेल तर उत्तम. एक कार्ड बिघडले तरी वधूपित्यापुढे मान खाली घालण्याची पाळी येत नाही.

चित्राच्या सूक्ष्मतेची कसोटी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट बिंदू असतात, हे खरे. परंतु सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रण केल्यास तासाला सुमारे ४५ गीगाबाइट जागा लागते. सहा तासांचे लग्न म्हणजे २७० गीगाबाइट. दुसरी प्रत ठेवावयाची तर त्याच्या दुप्पट. जागा आणि संकलनास समर्थ संगणक यांचा खर्च ज्याने धरला नाही, त्याचा हिशेब निम्माच झाला म्हणावयाचा.

मग घ्यावा कोणता? आपल्या भागात एकाच मंडपात भाषणे, कीर्तने व पूर्ण विधी सलग टिपावयाचे असतील, तर हातात मावणारा कॅमकॉर्डर सोयीचा. त्याचे भिंग दूरवरचे जवळ आणते आणि तो तासन् तास चालतो. मात्र अंधारात तो थोडा दुबळा पडतो. परंतु आपल्या गावांत लोक छायाचित्रे आणि चित्रण ही दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे देतात. अशा नवोदितास आम्ही मध्यम किमतीचा, वर सांगितलेल्या सोयींचा मिररलेस कॅमेरा आणि एफ २.८ चे एक झूम भिंग सुचवितो. तो हलका असल्याने आपल्या मुलींनाही दिवसभर सहज हाताळता येईल. हळदीच्या आणि बायकांच्या कार्यक्रमांत तर मुलगीच अधिक मोकळेपणाने चित्रण करू शकेल. केवळ लोकांवर छाप पडावी म्हणून खांद्यावरचा मोठा थोरला जुना कॅमेरा घेण्याचा मोह मात्र टाळावा. दुरुस्तीचे केंद्र किती दूर आहे, हेही आधी विचारावे. ऐन लग्नसराईत दुरुस्तीला गेलेला कॅमेरा नसल्यासारखाच.

पैशांविषयी दोन शब्द. हातातील सर्व रक्कम कॅमेऱ्याच्या पेटीत घालू नये. भिंग, आवाजाची साधने, तिकाटणे, जादा बॅटऱ्या, कार्डे यांसाठी निम्मी तरी रक्कम राखून ठेवावी. पहिला हंगाम एखाद्या जाणत्या चित्रणकाराच्या हाताखाली काढावा. मोठ्या शहरांतून कॅमेरे भाड्यानेही मिळतात, ते आणून आप्तेष्टांची दोन-चार कार्ये करावी. काम जमते आणि पैसेही सुटतात, अशी खात्री झाल्यावरच कर्ज काढावे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु वर्गात ५० हजारांपर्यंत आणि किशोर वर्गात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. परंतु लग्नसराई काही महिन्यांची आणि हप्ता बारा महिन्यांचा, हे विसरू नये. कर्ज विनातारण असले तरी घराची पत त्यात गुंतलेली असतेच.

पालकांना आमची विनंती एवढीच, की मुलाने कॅमेरा मागितला तर एकदम नाही म्हणू नये आणि एकदम पैसेही काढून देऊ नयेत. त्याला आधी विचारावे, ‘‘बाळ, आवाज कशाने टिपणार? वीज गेली तर काय करणार? चित्रणाची दुसरी प्रत कोठे ठेवणार?’’ या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि घरातले पहिले कार्य त्याच्याचकडे सोपवावे. लोकांच्या घरातील वडीलधाऱ्यांची मुद्रा आणि वाणी पुढच्या पिढीसाठी सांभाळून ठेवण्याचे हे काम आहे. ते आपल्या मुलांच्या हातून निष्ठेने घडो, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.