निकालानंतरचे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वकील बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांना उलटतपासणीतील गमतीजमतींची अपेक्षा असते. आम्ही मात्र एक नीरस विषय निवडला आहे : खटला संपल्यानंतर त्याच्या कागदांचे काय होते? आपल्यापैकी काहींच्या घरांची मूळ खरेदीखते आजही कोणा वकिलाच्या माळ्यावर पडून असतील. म्हणून हा विषय येथेच मांडणे आम्हांस उचित वाटले.

जबलपूरच्या जुन्या मराठी घराण्यांचे कोर्टकज्जे १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत जात. एका ज्येष्ठ वकिलांच्या निधनानंतर त्यांचे दप्तर कुटुंबीयांनी आमच्या स्वाधीन केले, तेव्हा त्या बस्त्यांतून नागपूरच्या निकालांच्या नकला, मोडीतील वाटणीपत्रे, फिटलेल्या गहाणांच्या पावत्या असे कितीतरी निघाले. वाळवीने आपला हिस्सा आधीच वसूल केला होता. उरलेले लावता लावता आम्हांस या कामाची पद्धत घालावी लागली.

पहिला प्रश्न मालकीचा. आमची टिपणे व मसुदे आमचे. परंतु अशिलाने दिलेले दस्त अशिलाचेच. फी थकली म्हणून वकिलाने कागद अडवून ठेवावेत काय? १८७२ च्या करार कायद्याने असा हक्क बँकर, दलाल, हायकोर्टाचे ॲटर्नी अशा मोजक्यांना दिला आहे. आपल्या मध्य प्रदेशातीलच एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट सांगितले की, ॲडव्होकेटाला तो हक्क नाही; फी हवी तर तिच्यासाठी अन्य मार्ग आहेत. त्या वकिलांची शिक्षा न्यायालयाने ताकिदीवर आणली, पण तत्त्व ढिले केले नाही. हा निर्णय अशिलांना फारसा ठाऊक नसतो, आणि वकील तो आपण होऊन सांगत नाहीत!

दुसरी गोष्ट अशिलांच्या विसराळूपणाची. पुराव्यात दाखल केलेला मूळ दस्त निकाल लागताच आपोआप घरी येत नाही. अपिलाची मुदत टळल्यावर, किंवा अपील झाले असल्यास त्याचा निकाल लागल्यावर, अर्ज करून तो परत घ्यावा लागतो. न्यायालयांची दप्तरेही सर्वकाळ राहात नाहीत. १९१७ च्या कायद्यान्वये उच्च न्यायालयांनी केलेल्या नियमांनी ती यथाकाल नष्ट होतात. म्हणून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि मूळ दस्त हाती आल्यावाचून आम्ही फाईल 'बंद' असे लिहीत नाही. बंद करताना पैशाचा हिशेबही द्यावयाचा असतो. काही शिल्लक निघाली, तर अशिलाचा आनंद पाहण्यासारखा असतो.

परंतु खरी कसोटी लागते ती अशील हयात नसताना. एका कुटुंबातील ज्येष्ठ बंधू वडिलांच्या घराचे खरेदीखत मागावयास आले. धाकट्या भावाची संमती त्यांनी आणली होती. बहीण इंदूरला सासरी, तिची सही कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ती सही मागितली. मुलगीही वारस आहे हे सांगताना त्यांची नाराजी आम्हांस दिसत होती, तरी दस्त दिला तो तिघांच्या सह्यांच्या पावतीवर, आणि प्रत्येकाला एकेक नक्कल देऊन. त्याच बस्त्यात वडिलांनी आमच्या पूर्वसूरींना लिहिलेली पत्रे होती. मुलांविषयी बापाने वकिलाजवळ जे बोलावे ते त्यांत होते. ती कोणालाच दाखविणे आम्हांस योग्य वाटले नाही. विश्वासाने सांगितलेले उघड न करण्याचे बंधन काम संपल्यावरही राहते, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पत्रे मोहोरबंद पाकिटात ठेवली आहेत.

किती वर्षे जपावे, याचे एकच उत्तर नाही. सामान्यतः हुकूमनाम्याच्या बजावणीची मुदत बारा वर्षे. कायम मनाईच्या हुकूमनाम्याला मुदतच नाही. गहाण सोडविण्याचा दावा तीस वर्षे लावता येतो. अज्ञान मुलाचा हितसंबंध असल्यास तो सज्ञान झाल्यानंतर निदान तीन वर्षे तरी कागदाला हात लावू नये. किरकोळ वसुलीचे दावे त्यामानाने लवकर निकालात काढता येतात, तेही अशिलाला पत्राने कळवून. आणि टाकावयाचे ते फाडून, रद्दीवाल्याला नव्हे. कोणाच्या घटस्फोटाच्या अर्जात शेंगदाणे बांधले जावेत, ही कल्पनाही आम्हांस सहन होत नाही.

हल्ली सर्व कागदांची छायाचित्रे संगणकात घालून मूळ टाकून द्यावेत, असा सल्ला तरुण सहकारी देतात. शोधण्यास ते उत्तम. परंतु तीस वर्षांचा जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते. ही सोय मूळ कागदाची आहे. छायाचित्रावर तिच्यासाठी विसंबून चालणार नाही. म्हणून कोणता दस्त कोणाकडून कधी आला व कोणाकडे गेला, याची नोंदवही आम्ही ठेवतो.

त्या ज्येष्ठ वकिलांच्या बस्त्यांपैकी काही अजून धन्यावाचून पडून आहेत. त्यांतील काही घराणी या सभागृहातच असावीत. खटल्याचा क्रमांक ठाऊक नसला तरी अडत नाही. वाडवडिलांचे पूर्ण नाव आणि घर कोणत्या मोहल्ल्यात होते एवढे सांगितले, तरी नोंदवहीत शोध घेता येतो. येताना ओळखीचा कागद आणि भावंडांचे पत्ते मात्र आणावेत. बहिणींचेसुद्धा.