संकल्पाला मोजमाप हवे

(दीर्घ पल्ल्याच्या धावण्याची तयारी करणाऱ्या नवोदितांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि दीर्घ पल्ल्याची धाव क्रीडांगणातून मध्यमवर्गीय घरात आली. कचेरी, संसार आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र याच उत्साहात एक धोका दडलेला आहे. शेजाऱ्याने चार तासांत मॅरेथॉन पूर्ण केली, म्हणून आपणही चार तासांचाच संकल्प करायचा! संकल्प उदात्त असतो. परंतु त्यामागे स्वतःच्या शरीराचे मोजमाप नसते. मग गुडघा दुखावतो आणि बूट माळ्यावर जातात, ते कायमचेच.

हे मोजमाप अवघड नाही. दहा किलोमीटर धावण्यास एक तास लागत असेल, तर अर्धमॅरेथॉनला साधारणतः दोन तास बारा मिनिटे लागतील, असे गणित सांगते. पूर्ण मॅरेथॉनसाठी अर्ध्या अंतराच्या वेळेची केवळ दुप्पट करून भागत नाही. त्यात किमान दहा-वीस मिनिटांची भर घालावी लागते. पहिल्याच वेळी धावणाऱ्याने याहूनही अधिक सवलत ठेवावी. कारण स्नायूंत व यकृतात साठवलेली शर्करा बहुधा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. मुंबईत तर पेडर रोडचा चढ नेमका त्यानंतर समोर उभा राहतो. आरंभी उधळलेल्या वेगाची किंमत तेथे चुकवावी लागते.

उच्च ध्येय ठेवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे, स्वतः सैन्यातला जवान. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेसची. पण तिचा धडा प्रत्येक धावकाचा आहे. २०१८ साली त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ मध्ये दोहा येथे ८:२१.३७, २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. सहा वर्षांच्या अखंड साधनेची कमाई वीस सेकंदांहूनही कमी! अव्वल धावपटू जर असा एकेक पायरी चढतो, तर गृहस्थाश्रमी माणसाने एका हंगामात तासाभराची झेप घेण्याचा हट्ट का धरावा?

म्हणून शर्यतीच्या दिवशी एक नव्हे, तीन उद्दिष्टे मनाशी असावीत. सर्व काही अनुकूल घडले तर साधायची वेळ, ही पहिली. नेहमीच्या सरावाला साजेशी वेळ, ही दुसरी. ऊन व दमटपणा वाढला, तर वेळ विसरून सुखरूप पोहोचणे, ही तिसरी. छातीत दुखू लागले अथवा भोवळ आली, तर थांबणे हाच पुरुषार्थ होय. घरी वाट पाहणाऱ्यांना पदकापेक्षा माणूस हवा असतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी माणसे सांगत आली. धावणाऱ्याच्या हाती आणखी एक गोष्ट आहे: नित्य सरावाने ते अंथरूण दरवर्षी वीतभर वाढवता येते. संकल्प तेवढाच करावा, आणि केलेला मात्र पूर्णत्वास न्यावा.