गाडीचें पेट्रोल जातें कोठें?

श्रोतेहो, चोरीचा आळ घेणें सोपें असतें. हिशेब करणें त्याहून अवघड. मंचरच्या एका बागाईतदारानें, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, आपल्या ड्रायव्हरवर असाच आळ घेतला होता. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो नेणारी त्याची पेट्रोलची पिकअप पूर्वीं लिटरला १४ किलोमीटर जाई. ती साडेदहावर आली होती. "गुरुजी, हा पेट्रोल विकतो," असें त्याचें म्हणणें.

मीं म्हटलें, आधीं इंधनाचा विचार करूं. आजच्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. तें ऊस व धान्य यांपासून काढतात. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगांवचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने ज्या पिकावर उभे आहेत, त्याच पिकाचा अंश आपल्या गाडीच्या टाकींत येतो. आतां गणित पाहा. एक लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारें ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, इथेनॉलपासून सुमारें २१. शेंकडा २० मिश्रणांत ती सुमारें ३० भरते. म्हणजे शेंकडा सातांची तूट. ब्राझीलमध्यें २००३ पासून विकल्या जाणाऱ्या, कोणत्याहि मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांनाहि हा नियम चुकलेला नाहीं. केवळ इथेनॉलवर त्या पेट्रोलच्या मानानें सुमारें शेंकडा ७० अंतरच कापतात.

तेव्हां १४ चे १३ होणें हा इंधनाचा गुणधर्म झाला. उरलेल्या अडीच किलोमीटरांचें काय? त्यासाठीं टाकी पूर्ण भरून घेतली. मालक स्वतः ड्रायव्हरशेजारीं बसून दोन दिवस फिरला आणि त्याच पंपावर टाकी पुन्हां भरली. आंकडा आला साडेदहाच! म्हणजे चोर होता तो गाडींतच.

मिस्त्रीनें पाहणी केली. धुराड्याच्या नळींतील प्राणवायु मोजणारा सेन्सर बिघडल्यास इंजिन गरजेपेक्षां जास्त पेट्रोल ओढतें. तो ठीक निघाला. टायरमध्यें हवा मात्र फार कमी होती आणि मागचें एक चाक हाताला चटका देत होतें. ब्रेक सुटतच नव्हता; गाडी रोज ब्रेक ओढीत टोमॅटो वाहत होती. दुरुस्तीनंतर गाडी पावणेतेरा देऊं लागली.

मालकानें ड्रायव्हरपुढें हात जोडले. पण गांवांत झालेली बदनामी दुरुस्त होण्यास गाडीपेक्षां पुष्कळ अधिक दिवस लागले. म्हणून श्रोतेहो, संशय येतांच प्रथम टाकी भरा, अंतर मोजा आणि चाकाला हात लावून पाहा. माणसाविषयीं बोलावयाचें तें त्यानंतर.