दोरीवरची गाठ

तिरंदाजी म्हटली की आपल्याला नजर आठवते. फक्त पोपटाचा डोळा दिसणारा अर्जुन आठवतो. धनुष्याची दोरी कुणाला आठवत नाही. आज त्या दोरीवरच्या एका छोट्या गाठीविषयी बोलायचे आहे.

ऑलिम्पिकमध्ये आपण पाहतो ते रिकर्व्ह धनुष्य. त्याची टोके पुढे वळलेली असतात. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 मध्ये टोकियोत हेच धनुष्य घेऊन उतरला होता. तिथे लक्ष्य 70 मीटरवर असते आणि 10 गुणांचे वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटिमीटरचे. एवढ्या अंतरावर दोरीवरचा मिलिमीटरसुद्धा हिशेब मागतो.

बाणाच्या शेपटाला खाच असते. ती दोरीवर जिथे बसते त्या जागेला नॉकिंग पॉइंट म्हणतात. प्रत्येक बाण तिथूनच सुटावा म्हणून दोऱ्याची गाठ बांधतात किंवा पितळी कडी दाबून बसवतात.

ही जागा ठरवायची कशी? आधी दोरी आणि मूठ यांमधले अंतर पक्के करायचे. दोरीचा पीळ बदलला की गाठही सरकते. मग टी-आकाराची मोजपट्टी दोरीत अडकवून तिची दांडी बाणाच्या आधारावर टेकवायची. दांडी दोरीशी काटकोन करते. त्या रेषेच्या साधारण 10 ते 13 मिलिमीटर वर पहिली गाठ, आणि तिच्याखाली खाच. शेपूट असे किंचित उंच राहिले की बाण आधाराला घासत नाही. दुसरी गाठ खाचेखाली, केसभर फट सोडून. दोरी पूर्ण ओढल्यावर तिचा कोन अरुंद होतो. फट नसेल तर खाच चिमटते.

ही झाली सुरुवात. खरा निवाडा करतो बिनपिसांचा बाण. पिसे बाणाला वाटेत सरळ करतात, म्हणजे दोष झाकतात. म्हणून 18 मीटरवरून तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच नेमाने सोडायचे. बिनपिसांचे वर लागले तर गाठ खाली बसली आहे. ती वर घ्यायची. खूप खाली लागले तर गाठ उतरवायची. एका वेळी मिलिमीटरभरच. तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा असाच केसभर सरकवतात आणि एका जागी जवारी खुलते. बाण जवळजवळ एका उंचीवर आले की गाठीवर गोंदाचा थेंब द्यायचा.

मात्र पिसांचे बाण एकत्र लागत नसतील, तर ही परीक्षा व्यर्थ. तिथे आधी हातच घडवायला हवा.

पण बाण एकत्र लागत असूनही उडताना वरखाली डोलत असतील, तर मुलाला ‘तुझा हात कच्चा’ असे म्हणण्याची घाई करू नये. चुकीच्या गाठीशी जुळवून घेता घेता चांगला हात बिघडतो, आणि मग मूल मैदानावर यायचेच थांबते. शिक्षकांनी त्याआधी एक मोजपट्टी आणि दोन बिनपिसांचे बाण हाती घ्यावेत. दोष दोरीचा की हाताचा, हे ते बाणच सांगतील.