रहिवासी कुणाला म्हणायचं?

फेब्रुवारी महिन्यात माझ्या मामेबहिणीच्या मुलाचा टेक्सासहून फोन आला. आदल्या ऑगस्टमध्येच तो एम.एस. करायला तिकडे गेला होता. थंडी कशी, जेवणाचं काय, हे सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "मावशी, तू नऊ वर्षं इथं होतीस. टॅक्स भरायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं गं? इथं सगळी मुलं एकाचंच नाव सांगतात. फुकट आहे आणि रिफंडपण जास्त देतं म्हणे."

श्रोतेहो, ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. हेच वाक्य २०१४ साली मीही ऐकलं होतं.

आपल्याकडे जसा टीडीएस कापतात, तसा तिकडेही पगारातून कर आधीच कापलेला असतो. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. नोकरी देणारा जानेवारीअखेर डब्ल्यू-२ नावाचा कागद देतो, त्यावरून १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्र भरायचं आणि जास्त कापलं गेलं असेल तर ते परत मिळवायचं. मी ओहायोतल्या एका विद्यापीठात शिकत होते. वर्गावर सहायक म्हणून काम करायचे, त्याचे वर्षाला चौदा हजार डॉलर मिळायचे. रूममेटनं सांगितलेलं सॉफ्टवेअर उघडलं. फारच गोड बोलणारं सॉफ्टवेअर! नाव विचारलं, पत्ता विचारला, मध्येच "छान चाललंय" म्हणून शाबासकीही दिली. मग एका ओळीत प्रश्न आला, तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी आहात ना?

मी म्हटलं, आहे की! दोन खोल्यांत आम्ही चौघी राहतो, भाडं भरतो, बर्फ उपसतो. आणखी कसं राहायचं असतं? 'हो'वर टिचकी मारली. फी भरल्याची पावती होतीच, त्यावर सॉफ्टवेअरनं शिक्षणखर्चाची सवलतही देऊन टाकली आणि कापलेला सगळा कर परत मिळेल असं सांगितलं. अर्ध्या तासात काम झालं. चारशेच्या वर डॉलर खात्यात आले. त्यातून मी एक जाड कोट घेतला आणि प्रेशर कुकर घेतला.

पुढच्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात करासंबंधी एक वर्ग होता. फुकट पिझ्झा होता म्हणून गेले, खोटं कशाला बोलू! तिथं एक वयस्कर स्वयंसेवक बाई मुलांना विवरणपत्रं भरून देत होत्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हे. व्हिसा कुठला आणि देशात पाऊल कधी ठेवलंस, हा होता. मी सांगितलं, एफ-१, ऑगस्ट २०१२. त्या म्हणाल्या, मग करापुरती तू इथली रहिवासी नाहीसच.

त्यांनी समजावलं ते असं. अमेरिकेच्या कर कायद्यात रहिवासी कोण, हे तुम्ही कुठं झोपता यावर ठरत नाही. दिवस मोजून ठरतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षातले किमान ३१ दिवस असले, तर तुम्ही रहिवासी. पण एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजतच नाहीत. डिसेंबरच्या ३० तारखेला उतरलात तरी ते एक अख्खं वर्ष धरतात. म्हणजे २०१२ ते २०१६ मी अनिवासी. अनिवासी माणसाचा फॉर्म १०४०-एनआर. मी भरला होता साधा १०४०, आणि अनिवासी विद्यार्थ्याला सहसा न मिळणारी सवलत घेऊन मोकळी झाले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. चारशे डॉलर तर द्यावे लागणारच होते, पण मनात एकच, सरकारला खोटं लिहून दिलं आपण. उद्या नोकरीचा व्हिसा मागायला गेले आणि हे वर आलं तर? घरी फोन केला. माझे बाबा कराडला पोस्टात होते, आयुष्य बचत खात्याच्या खिडकीवर गेलं. माणसं पैसे काढायला यायची आणि भरायच्या फॉर्मवर भरभरून लिहायची. बाबा तो फॉर्म उलटा फिरवून त्यांच्यासमोर धरायचे आणि वरच्या ओळीवर बोट ठेवायचे. मला म्हणाले, "अगं, फॉर्म कुणासाठी आहे ते वर लिहिलेलं असतं. ते वाचलंस का?" मी म्हटलं, "बाबा, फॉर्म दिसतच नाही. सॉफ्टवेअर प्रश्न विचारतं, फॉर्म आत कुठंतरी असतो." ते जरा थांबले. म्हणाले, "मग तर आधी विचारायला हवं होतं."

दुरुस्ती झाली. १०४०-एक्स आणि त्याच्यासोबत नवा १०४०-एनआर, सगळं कागदावर. तेव्हा हा फॉर्म ऑनलाइन पाठवायची सोयच नव्हती. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पत्त्यावर चेकसह टपालानं गेलं. बऱ्याच महिन्यांनी व्याजाचं एक लहानसं बिल आलं, ते भरलं, प्रकरण मिटलं. गंमत म्हणजे हक्काची एक सवलत मला होतीच. भारत आणि अमेरिकेचा कर करार १९८९ साली झाला. त्याच्या एकविसाव्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही तिथल्या नागरिकासारखी प्रमाणित वजावट मिळते. बहुतेक देशांच्या मुलांना ती मिळत नाही.

तेव्हा भाच्याला मी सॉफ्टवेअरचं नाव आधी सांगितलंच नाही. म्हटलं, उघड आणि पहिले चार प्रश्न मला वाचून दाखव. व्हिसा आणि आगमनाच्या तारखा न विचारता थेट पगारावर आलं, तर बंद कर. ते वाईट आहे असं नाही, ते तुझ्यासाठी नाही. तिथली बहुतेक लोकप्रिय सॉफ्टवेअर नागरिक आणि रहिवासी यांच्यासाठीच आहेत. अनिवासींसाठी स्प्रिंटॅक्स, ग्लेशियर टॅक्स प्रेप अशी वेगळी आहेत. पुष्कळ विद्यापीठं ती विकत घेऊन विद्यार्थ्यांना संकेतांक देतात. आमच्याही विद्यापीठानं दिला होता, ती मेल मी उघडलीच नव्हती! मग बघायचं, ते ८८४३ हा फॉर्म काढून देतं का. एक पैसा मिळवला नसला तरी एफ-१ वाल्यानं तो पाठवायचाच असतो. कराराचं कलम त्याला माहीत आहे का? राज्याचं विवरणपत्र करतं का आणि त्याचे वेगळे किती घेतं? 'फुकट'ची मेख पुष्कळदा तिथंच असते. भाच्याचं एक बरं, टेक्सासला राज्याचा आयकरच नाही. आणखी एक. अनिवासी असेपर्यंत एफ-१ वाल्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. शिक्षण संपून प्रशिक्षणाची नोकरी लागली की पगार करणारे सवयीनं ते कापतात. सॉफ्टवेअर त्यावर गप्प बसलं, तर आपण बोलायचं आणि कंपनीकडे मागायचे.

हे सगळं पाठ झालं आणि मी बदलले. ऑक्टोबर २०१६ मध्ये एच-१बी मिळाला. त्या वर्षाचे मोजायचे दिवस ९२, म्हणजे अजून अनिवासी. २०१७ मध्ये मात्र पक्की रहिवासी. आता तेच लोकप्रिय सॉफ्टवेअर मला चालणार होतं. पण रहिवासी झालं की जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त; अमेरिकेत नाही. सॉफ्टवेअर 'बँकेचं व्याज आहे का?' एवढंच विचारतं, कराडच्या बँकेचं आहे का असं कसं विचारेल? शिवाय बँक व्याजाचा दाखला देते एप्रिल ते मार्चचा, त्यांना हवं जानेवारी ते डिसेंबरचं. पासबुक घेऊन तिमाहीची बेरीज हातानंच करावी लागते.

आणि मग ती मुदत ठेव. बाबांनी निवृत्तीचे पैसे ठेवताना माझं नाव दुसरं लावलं होतं, 'दोघांपैकी कुणीही' असं. परदेशातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची माहिती द्यावी लागते. नाव असलेलं संयुक्त खातंही त्यात येतं. ती विवरणपत्राबरोबर जात नाही. ती फिनसेन या वेगळ्या खात्याच्या संकेतस्थळावर भरायची. मी बाबांना वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक विचारली. ते गप्पच झाले. मग म्हणाले, "माझ्या कष्टाच्या पैशाचा हिशोब अमेरिकेला कशाला?" मी सांगत राहिले की हा कर नाही, नुसती माहिती आहे. ते म्हणाले, "मग तुझं नाव काढून टाकतो." दोन आठवडे फोनवर आईच बोलत होती. शेवटी एका रात्री मेसेज आला. खातेक्रमांक, शाखा आणि रक्कम, पैशांसकट. खाली लिहिलं होतं, 'नाव ठेवले आहे.'

२०२१ च्या जूनमध्ये मी परत आले. पुढच्या जुलैत इथलं विवरणपत्र भरायचं होतं. ओळखीच्या एकानं सांगितलं, आता तू इथलीच, 'सहज' फॉर्म भर, दहा मिनिटांचं काम. पण आपल्याकडेही निवासी, अनिवासी आणि त्यांच्या मधला एक प्रकार आहे, 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा. मागच्या सात वर्षांत मी भारतात ७२९ दिवसांपेक्षा कमी होते, म्हणून त्या वर्षी मी त्या मधल्या खणात बसत होते. त्याला 'सहज' चालत नव्हता, आयटीआर-२ लागला. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते, चष्मा कपाळावर. पडद्यावर आधी बोट त्यांनीच ठेवलं, "हे बघ, इथं लिहिलंय कुणासाठी ते."

भाच्याचा पुन्हा मेसेज आला तो तीन दिवसांनी. विद्यापीठाची मेल सापडली होती, संकेतांकही. सोबत पडद्याचा फोटो होता. पहिलाच प्रश्न, व्हिसा कुठला? दुसरा, कुठल्या तारखेला आलात? मी लिहिलं, "पासपोर्ट काढून बस. तारखा आठवणीनं लिहू नकोस."