स्पर्धा संपल्यावर काय उरते?



शताब्दी साजरी करणाऱ्या संस्थेपुढे मागील शंभर वर्षांचा हिशेब असतो, तशीच पुढच्या वाचकाची चिंताही असते. हा पुढचा वाचक ग्रंथालयाचा जिना चढण्यापूर्वी पडद्यावर शोध घेतो. म्हणून ग्रंथालयाचे संकेतस्थळ असावे, हे सर्वांना मान्य होते. ते लोकांना कळावे कसे, असा प्रश्न निघाला की 'एखादी स्पर्धा ठेवा' ही सूचना हटकून येते. सूचना चांगली आहे. मात्र स्पर्धेचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि आश्रयदात्यांच्या देणगीतून व्हायचा असतो. तेव्हा ती संपल्यावर आपल्या पदरात काय उरेल, याचा विचार आधी व्हावा, एवढेच माझ्या भाषणाचे प्रयोजन आहे.

बक्षीस लावून वाचक जमविण्याची युक्ती नवी नाही. सुरत मुंबई राज्यात होते त्या काळी वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या स्पर्धांना असाच बहर आला होता. बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्राच्या कोड्यांचे प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ च्या निकालांनी एक रेषा स्पष्ट आखली : नशिबावर चालणारी स्पर्धा हा जुगार, आणि जिच्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती स्पर्धा निराळी. कायद्याचा कीस बाजूला ठेवला, तरी 'नाव नोंदवा आणि सोडतीत बक्षीस मिळवा' ही योजना नशिबाच्या बाजूची आहे. सोडत झाली की आलेला माणूस परत जातो. त्याने ग्रंथालयाला काही दिलेले नसते आणि ग्रंथालयाकडून त्यानेही काही नेलेले नसते.

कौशल्याची स्पर्धाही आपोआप सफल होते असे नाही. २००९ च्या अखेरीस गूगलने केनिया व टांझानियातील विद्यार्थ्यांसाठी स्वाहिली भाषेच्या विकिपीडियावर लेखनस्पर्धा घेतली. बक्षिसे आकर्षक होती आणि शेकडो लेख जमले. पण स्पर्धा संपल्यावर बहुतेक लेखक पुन्हा फिरकले नाहीत, अशी खंत तेथील जुन्या लेखकांत राहिली. लेख मिळाले, लेखक मिळाले नाहीत.

याउलट २०१८ च्या मार्च ते मे या काळात भारतीय भाषांच्या विकिपीडियांसाठी झालेली 'प्रोजेक्ट टायगर' ही स्पर्धा पाहावी. वैयक्तिक बक्षिसे दरमहा तीन, दोन व एक हजार रुपये, म्हणजे बेताचीच होती. लेख किमान तीनशे शब्दांचा हवा आणि यंत्राने केलेले भाषांतर चालणार नाही, अशी अट होती. मोठे पारितोषिक एका व्यक्तीला नव्हते. ते विजयी भाषेच्या लेखकसमूहाला प्रशिक्षणाच्या रूपाने मिळायचे होते. पंजाबी भाषा पहिली आली. स्पर्धेचे बक्षीस म्हणजे पुढील कामाची तयारी, ही दृष्टी मला मोलाची वाटते.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण 'विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स' या छायाचित्रस्पर्धेचे आहे. २०१० साली नेदरलँड्समध्ये ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी युरोपातील अठरा देशांतून दीड लाखांहून अधिक छायाचित्रे आली. २०१२ मध्ये भारतही सहभागी झाला, आणि त्या वर्षीचे जागतिक प्रथम पारितोषिक दिल्लीच्या सफदरजंग कबरीच्या छायाचित्राला मिळाले. बक्षीस एकाला मिळाले. पण छायाचित्रे सर्वांना मुक्तपणे वापरण्यासाठी राहिली. हरलेल्याचेही काम संग्रहात जमा झाले. चांगल्या स्पर्धेची हीच खूण आहे.

सुरतेत अशा कामाला विषयांची वाण नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या वेळी इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ मध्ये याच शहरात वारला. त्याची कबर येथील जुन्या इंग्रजी दफनभूमीत आहे. १९०७ चे काँग्रेसचे वादळी अधिवेशन, ज्यात लोकमान्यांचा जहाल पक्ष वेगळा पडला, तेही येथलेच. आणि आपल्या हयातीतला इतिहास म्हणाल, तर खानदेशातून कापडउद्योगासाठी आलेली, उधना-लिंबायतकडे स्थिरावलेली कुटुंबे आहेत, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. या कुटुंबांच्या घरी जुनी पत्रे, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, शाळेची छायाचित्रे असतील. ती पेटीत आहेत तोवरच आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. संकेतस्थळाच्या प्रचारासाठी स्पर्धा जरूर घ्यावी, पण तिचा विषय 'सुरतेतील मराठी जीवन' असावा. एक जुना कागद किंवा छायाचित्र आणि त्यासोबत शंभर-दीडशे शब्दांची माहिती एवढीच प्रवेशिका मागावी. मूळ वस्तू घरीच राहावी, प्रत ग्रंथालयाने घ्यावी, आणि ती प्रसिद्ध करण्याची लेखी संमती प्रवेशिकेतच असावी. संख्येला बक्षीस देऊ नये. माहितीच्या खरेपणाला द्यावे. परीक्षकांची नावे व कसोट्या आरंभीच जाहीर कराव्यात. रोख रकमेपेक्षा ग्रंथ आणि वर्षाचे सभासदत्व द्यावे, म्हणजे विजेता बक्षीस घेऊन जाणार नाही, ते घेण्यासाठी वर्षभर येत राहील.

अशा स्पर्धेत ज्याने आजोबांचे पत्र दिले, तो ते पाहायला संकेतस्थळावर येईल आणि चार नातेवाइकांनाही दाखवील. त्याहून खात्रीची जाहिरात मला माहीत नाही. यशाचा हिशेब मात्र बक्षीससमारंभाच्या दिवशी मांडू नये. वर्षानंतर किती प्रवेशिका संग्रहात नीट लागल्या आणि किती स्पर्धक सभासद म्हणून टिकले, हे पाहून मांडावा. शंभर वर्षे ग्रंथांची नोंदवही राखणाऱ्या संस्थेला हा हिशेब अवघड नाही.